राहून गेलेला टप्पा आता भरून निघेल का?

एका वाचक भगिनीने मोकळेपणाने लिहिलेलं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील गाळून त्यांचा प्रश्न थोडक्यात मांडते.

त्यांचं वय ४७. त्या १९ वर्षांच्या असताना वडील वारले. भूगोल घेऊन पदवीचा अभ्यास चालू होता, तो तिथेच सोडून त्यांनी मिळाली ती नोकरी धरली आणि पाठच्या दोन भावंडांची शिक्षणं पार पाडली. पुढे लग्न झालं, मुलं झाली. नोकरी अजून तीच आहे. घरात पती, २० वर्षांची मुलगी, १६ वर्षांचा मुलगा आणि दोन वर्षांपासून राहायला आलेली ७५ वर्षांची आई. महिन्याभरापूर्वी मुलगी म्हणाली, "मला एक वर्ष थांबायचंय. मी जे शिकतेय ते मला हवंय का, तेच कळत नाहीये." त्यावर यांचा तोल सुटला. "मला कुणी विचारलं होतं का, तुला काय हवंय म्हणून?" असं त्या ओरडल्या. तेव्हापासून मायलेकींत कामापुरतंच बोलणं उरलं आहे. त्यातच एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञांचा तक्ता त्यांच्या वाचनात आला: माणसाच्या वाढीचे आठ टप्पे, प्रत्येकापुढे वय आणि त्या वयात सोडवायचा एक पेच. 'मी कोण?' हा पेच पौगंडावस्थेतला. त्या लिहितात, "माझा तो टप्पा झालाच नाही. पायाच कच्चा राहिला तर वरचे मजले धड कसे असणार? आता नवीन काही शिकायला घेतलं तरी डोक्यात राहत नाही, रात्री झोप लागत नाही. आणि आई रोज तेच उगाळत बसते, तुला तेव्हा शिकू द्यायला हवं होतं म्हणून. ते ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो." आता उशीर झाला का, मुलीला थांबू द्यावं का आणि आईचं हे बोलणं कसं थांबवावं, असं त्यांनी विचारलं आहे.

नमस्कार,

तुमच्या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी तो तक्ता आहे, म्हणून आधी त्याच्याकडे वळते. एरिक्सन यांनी हे आठ टप्पे १९५० मध्ये मांडले. त्या काळी मानसशास्त्राचा भर बालपणावर होता. माणूस जो काही घडायचा तो पहिल्या काही वर्षांत घडतो आणि पुढे आयुष्यभर त्याचे परिणाम भोगतो, असा एकूण सूर होता. अशा वेळी, वाढ तिथे थांबत नाही, ती तरुणपणी, मध्यमवयात आणि अगदी म्हातारपणीही चालू राहते, असं एरिक्सन सांगत होते. पुढे पाठ्यपुस्तकांनी त्या विचाराला रकान्यांत बसवलं. वयाचा रकाना आला, पेचाचा रकाना आला आणि वाचणारा आपसूक स्वतःचा निकाल लावू लागला. तुम्ही तेच केलंत. 'मी कोण?' या पाचव्या ओळीपुढे फुली मारलीत आणि खालच्या सगळ्या ओळी बाद धरल्यात.

एरिक्सन यांचं म्हणणं असं नव्हतं. प्रत्येक टप्प्यावर माणसाला दोन बाजूंनी ओढ असते आणि दोन्ही बाजूंचं काहीतरी माणसात राहतं. तान्ह्या बाळाच्या टप्प्यावर विश्वास आणि अविश्वास यांची ओढाताण असते. अविश्वास अजिबात नसलेलं मूल पुढे कुणाच्याही बोटाला धरून जाईल, म्हणून थोडा अविश्वासही हवाच; पारडं विश्वासाकडे झुकलं म्हणजे झालं. शिवाय यातला कोणताच पेच एकदा सुटला म्हणजे कायमचा मिटला असं होत नाही. नोकरी सुटते, जोडीदार जातो, मुलं घराबाहेर पडतात, निवृत्ती येते, आणि 'मी कोण?' हा प्रश्न पुन्हा दारात उभा राहतो. विशीत ज्यांनी त्याचं व्यवस्थित उत्तर दिलं होतं त्यांच्याही दारात. तुम्ही पाहिलेला तक्तासुद्धा शेवटचा नव्हता. एरिक्सन १९९४ मध्ये गेले. त्यानंतर त्यांच्या पत्नी जोन एरिक्सन यांनी नव्वदी ओलांडल्यावर नववा टप्पा जोडला, कारण अतिवृद्धापकाळात स्वतः जगताना त्यांना जे उमगत होतं ते आठव्या टप्प्यात मावत नव्हतं.

तुमची पायाची आणि मजल्यांची उपमा मला पटत नाही ती यासाठीच. इमारतीचा पाया एकदा भरला की त्याला हात लावता येत नाही. माणसाचं तसं नाही, आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. अमेरिकेत १९६६ मध्ये महाविद्यालयातल्या तरुण-तरुणींवर एक अभ्यास सुरू झाला. सुझन व्हिटबोर्न यांनी तो पुढे नेला आणि त्याच माणसांना पन्नाशीपर्यंत पुन्हा पुन्हा गाठून एरिक्सन यांच्याच टप्प्यांवर पारखलं. विशीत एखाद्या बाबतीत मागे असलेले अनेक जण पुढच्या वर्षांत ती उणीव भरून काढताना दिसले. हवाई बेटांतल्या कवाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, पालकांचं व्यसन किंवा मानसिक आजार अशा ओझ्यांखाली वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं धडधाकट मनाची, जबाबदार माणसं झाली. मला त्याहून मोलाचं वाटतं ते पुढचं. किशोरवयात भरकटलेल्यांपैकीही बहुतेक जण तिशी-चाळिशीपर्यंत सावरले होते. त्यांची वाट बदलली ती मोठेपणी सुरू केलेल्या शिक्षणामुळे, भरवशाच्या जोडीदारामुळे, आपलं मानणारी माणसं भेटल्यामुळे. यातलं काहीही बालपणात जाऊन दुरुस्त करावं लागलं नाही.

आता त्या फुलीविषयी. ती तिथे असायला हवी का?

तुम्ही पत्रात एक गोष्ट ओघात लिहून पुढे गेला आहात, मी मात्र तिथेच थांबले. पहिल्या पगारातून तुम्ही भावाच्या परीक्षेची फी भरलीत आणि ती पावती कितीतरी वर्षं पाकिटात ठेवलीत. घड्यांवरची शाई पुसली गेली, आकडा वाचता येईना, तरी टाकवेना, असं तुम्ही लिहिलं आहे. आपण कोण आहोत आणि कशासाठी उभ्या आहोत हे जिला ठाऊकच नाही, ती मुलगी अशी पावती जपून ठेवत नाही. तुमची ओळख घडली नाही असं नाही. ती फार लवकर आणि फार कमी पर्यायांतून घडली. या दोन गोष्टींत मोठा फरक आहे.

मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्सिया यांनी १९६६ मध्ये हाच फरक नीट उलगडला. तरुण माणूस 'मी कोण?' या प्रश्नाशी कुठे उभा आहे हे पाहताना ते दोन गोष्टी विचारत: याने वेगवेगळ्या वाटा धुंडाळून पाहिल्या का, आणि हा कशाला तरी बांधील झाला आहे का? धुंडाळून बांधील झालेले असतात, अजून धुंडाळत असलेले असतात, दोन्हीपैकी काहीच न करणारे असतात आणि न धुंडाळताच बांधील झालेले असतात. तुम्ही या शेवटच्या गटातल्या. पण बहुतेकदा या गटातली माणसं आईवडिलांनी आखलेली वाट मुकाट्याने धरतात. तुमच्यापुढे आखलेली वाट नव्हतीच, ती कोसळली होती, आणि कोसळलेल्या घरात तुम्ही पाय रोवून उभ्या राहिलात. ग्लेन एल्डर यांनी अमेरिकेतल्या महामंदीत किशोरवयात असलेल्या ओकलंडमधल्या मुलांच्या आयुष्यांचा अभ्यास १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. घरचं उत्पन्न आटल्यावर मुलग्यांनी बाहेर कामं धरली, मुलींनी घर सांभाळलं. पुढे त्यातली बरीचशी मुलं खचलेली न दिसता कर्ती माणसं झालेली दिसली. ज्यांना मंदीने अगदी लहानपणी गाठलं, त्यांना, त्यातही मुलग्यांना, ती अधिक बाधली. तुमचं कर्तेपण त्याच मातीतून आलेलं आहे. ते तुमच्या वाढीतच धरायला हवं.

म्हणून तुमचं काही गमावलंच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. गमावलंय. विशीत चुकण्याची मुभा असते, अर्धवट सोडून दुसरं काही धरण्याची मुभा असते, कुणाचीही जबाबदारी नसलेली एक संध्याकाळ असते. ते तुमच्या वाट्याला आलं नाही आणि आता येणारही नाही. त्याचं वाईट वाटू द्या. २८ वर्षं तुम्ही ते कुणापुढे बोललेल्या दिसत नाही. परवा ते पहिल्यांदा बाहेर आलं ते मुलीवर ओरडण्याच्या रूपाने, आणि याचाच तुम्हाला जास्त त्रास होतोय.

गमावलेलं दोन भागांत वेगळं करा. विशी परत येत नाही. भूगोल येतो.

नवीन काही डोक्यात राहत नाही, असं तुम्ही म्हणता. वॉर्नर शाय यांनी १९५६ मध्ये सिॲटलमध्ये सुरू केलेल्या दीर्घ अभ्यासात असं दिसलं की झटपट पाहून झटपट ओळखण्याचा वेग तरुणपणापासूनच उतरू लागतो, पण शब्दसंपत्ती आणि तर्क लावण्याची क्षमता मध्यमवयापर्यंत वाढते किंवा टिकते. ४७ व्या वर्षी पाठांतराला वेळ जास्त लागेल. पण एखादी नदी वळण का घेते हे समजायला तुम्ही १९ वर्षांच्या होतात तेव्हापेक्षा आज अधिक तयार असाल. पॉल बाल्टिस हे आयुष्यभराच्या वाढीचे अभ्यासक. प्रत्येक वयात काही कमावलं जातं आणि काही निसटतं, बाळपणीसुद्धा, असं ते सांगत. पियानोवादक आर्थर रुबिन्स्टाइन यांचं उदाहरण त्यांना फार आवडे. ऐंशीच्या घरात असूनही तुम्ही इतकं सुंदर कसं वाजवता, असं विचारल्यावर रुबिन्स्टाइन यांनी सांगितलं की आता मी थोड्याच रचना वाजवतो, त्यांचा सराव अधिक करतो, आणि द्रुत भाग येण्याआधी मुद्दाम लय जरा संथ करतो, म्हणजे पुढचा भाग ऐकणाऱ्याला जलद वाटतो. थोडं निवडायचं, त्यावर जास्त वेळ द्यायचा आणि जे कमी पडतंय त्याला वळसा घालायचा. कामावरून थकून आल्यावर रात्री अकराला पुस्तक उघडायचं आणि मग डोकं चालत नाही म्हणायचं, हे स्वतःवर अन्याय करणारं आहे. सकाळचा ताजा अर्धा तास काढा आणि एकच विषय धरा.

इथे सावधही करते. लगेच पदवीला प्रवेश घेऊ नका, नोकरी तर मुळीच सोडू नका. १८ ते ६८ वयाच्या १९,००० हून अधिक लोकांवरचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. गेल्या दहा वर्षांत तुम्ही किती बदललात आणि येत्या दहा वर्षांत किती बदलाल, असं त्यात विचारलं होतं. प्रत्येक वयातल्या लोकांना वाटत होतं की आपण बदललो ते भरपूर, पण आता आहोत तसेच राहू. पुढच्या बदलाचा अंदाज सगळ्यांचाच कमी पडत होता. तुम्हीही हे ध्यानात घ्या. १९ व्या वर्षी भूगोल हवा असलेली मुलगी आणि आजच्या तुम्ही यांची आवड एकच असेल असं नाही. कदाचित तुम्हाला शिकायचं नसून शिकवायचं असेल. कदाचित नकाशे हवे असतील, परीक्षा नको असतील. तीन महिने लहान प्रमाणात करून बघा: एखादा विनाशुल्क वर्ग ऐका, किंवा ओळखीच्या दोन-चार मुलांना आठवड्यातून एकदा नकाशावाचन शिकवा. त्या दिवसाची वाट पाहिली जाते की तो टाळला जातो, हे बघा. त्यावरून पुढचं ठरवा. हे तुमच्यासारख्या प्रत्येकीला आणि प्रत्येकाला लागू आहे. चाळिशी-पन्नाशीत एकदम सगळं सोडून देण्याची ऊर्मी येते तेव्हा सोडण्याआधी करून पाहण्याची एक पायरी मध्ये ठेवा.

झोप उडणं, चिडचिड, लक्षात न राहणं, हे सगळं तुम्ही मनाच्या खात्यावर लिहिलंय. ४७ हे रजोनिवृत्तीच्या आधीच्या बदलांचंही वय आहे आणि त्यात नेमक्या याच तक्रारी होतात. थायरॉइड बिघडलं किंवा रक्त कमी असलं तरीही असंच वाटतं. एकदा डॉक्टरांकडे जाऊन तपासून घ्या. दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन खाली असेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर तेही त्यांना स्पष्ट सांगा. नैराश्यावर उपचार होतात, आणि आयुष्याचा अर्थ शोधत बसल्याने ते हटत नाही. जीव नकोसा वाटला तर मात्र वाट पाहू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा.

आता मुलगी. तुम्ही तिच्यावर का चिडलात हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही स्वतःच 'हेवा' लिहून खोडलंय. खोडायची गरज नव्हती. आपल्याला न मिळालेली गोष्ट आपल्याच मुलाने सहज मागितली की पोटात कालवतं. तो हेवा वाटतो म्हणून कुणी वाईट आई ठरत नाही. त्या हेव्याच्या भरात निर्णय घेतला तर मात्र चुकेल. आणि तो दोन उलट दिशांनी चुकू शकतो. मला मिळालं नाही म्हणून तुलाही नाही, ही एक दिशा. मला मिळालं नाही म्हणून तू माझ्या वाटचंही जग, ही दुसरी. दुसरी दिसायला प्रेमळ असते, पण तीही मुलीच्या खांद्यावर तुमचीच विशी ठेवते.

तिची मागणी अवेळी आहे असं तुम्हाला वाटतं. बर्निस न्यूगार्टन यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिलं की प्रत्येक समाजाच्या मनात एक घड्याळ असतं: शिक्षण कधी संपावं, लग्न कधी व्हावं, स्थिरस्थावर कधी व्हावं. आपण वेळेवर आहोत की मागे पडलो, हे माणूस त्यावरून जोखतो, आणि मागे पडल्याची टोचणी खरीच असते. पण ते घड्याळ माणसांनी लावलेलं असतं आणि काळाप्रमाणे सरकत जातं. १८ ते २५ हा चाचपडण्याचा वेगळाच टप्पा मानावा, असं जेफ्री आर्नेट यांनी २००० मध्ये मांडलं. त्यावर एक आक्षेप आहे आणि तो मला रास्त वाटतो: असं चाचपडणं ज्यांना परवडतं त्यांनाच हा टप्पा मिळतो. तुम्हाला तो परवडला नाही. तुमच्या मुलीला परवडतोय आणि त्याचं एक मोठं कारण तुम्ही आहात.

तरीही 'थांब' असं नुसतं म्हणून मोकळं होऊ नका. मार्सिया यांचे दोन प्रश्न इथे पुन्हा कामी येतात. थांबणं दोन प्रकारचं असतं. एकात मूल शोधत असतं: लोकांना विचारतं, एखादं काम करून पाहतं, नको ते ओळखून बाजूला ठेवतं, अस्वस्थ असतं पण हलत असतं. दुसऱ्यात ते फक्त टाळत असतं. दिवस उगवतो, मावळतो आणि प्रश्न आहे तिथेच राहतो. पहिल्या प्रकारच्या थांबण्यातून बहुधा वाट निघते. एरिक्सन स्वतः शालेय शिक्षणानंतर काही वर्षं चित्रं काढत युरोपभर भटकत होते. विद्यापीठाची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. पंचविशीच्या सुमारास व्हिएन्नातल्या एका लहानशा शाळेत शिकवायला गेले आणि तिथून मनोविश्लेषणाकडे वळले. पुढे ते हार्वर्डमध्ये प्राध्यापक झाले. पदवी सोडणारा प्रत्येक जण एरिक्सन होत नाही, हे तुम्ही म्हणालच आणि ते खरंही आहे. पण थांबलेलं प्रत्येक मूल वाया जात नाही, एवढं त्यातून घ्या.

तिच्याशी बोलायचं ते आधी माफी मागून. लांबण लावू नका. "त्या दिवशी मी तुझ्यावर ओरडले, ते तुझ्यामुळे नव्हतं. माझं जुनं काहीतरी वर आलं. त्याचा तुझ्या निर्णयाशी संबंध नाही." एवढं बोलून तिला बोलू द्या, मध्ये तुमची १९ वर्षांची गोष्ट सांगू नका. ती कधीतरी स्वतःहून विचारेल तेव्हा सांगा. मग व्यवहाराचं बोला. संस्थेच्या नियमांप्रमाणे मध्ये खंड घेता येतो का, परत येताना जागा राहते का, शुल्काचं काय होतं, ही चौकशी तिने स्वतः करायची आणि नाव काढण्याआधी करायची. या वर्षात कोणत्या दोन-तीन गोष्टी करून बघणार, हे तिने लिहून आणायचं. घरून खर्च किती मिळेल ते तुम्ही आणि तिच्या वडिलांनी ठरवायचं. दर तीन महिन्यांनी एकदा बसून बोलायचं, तपासणीसारखं नव्हे, पण टाळायचंही नाही. ती चौकशीच करत नसेल, कागद कोराच राहत असेल, मित्रमैत्रिणींतून, झोपण्या-उठण्यातून, आवडीच्या गोष्टींतून अंग काढून घेत असेल, तर तिला वर्षभराच्या सुट्टीआधी समुपदेशकाची गरज आहे असं समजा. धाकटा मुलगा हे सगळं पाहतोय. घरात मन बदलण्याबद्दल बोलता येतं की नाही, हे तोही आत्ताच ठरवतोय.

आईविषयी तुमचा प्रश्न होता, हे बोलणं कसं थांबवू? रॉबर्ट बटलर या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६३ मध्ये लिहिलं की वृद्ध माणसं मागचं आयुष्य पुन्हा पुन्हा काढतात ते केवळ म्हातारपणाचं बरळणं नव्हे. शेवट जवळ आल्याची जाणीव झाली की मन आयुष्याचा आढावा घेऊ लागतं आणि जिथे हिशोब जुळत नाही तिथे परत परत येतं. एरिक्सन यांचा आठवा टप्पाही तोच: आपलं आयुष्य जसं झालं तसं आपलं म्हणून स्वीकारता येतं का, की हळहळच उरते? तुमची आई रोज एकाच ठिकाणी अडकते, आणि ते ठिकाण तुमच्या एकोणिसाव्या वर्षातलं आहे. तुम्ही दोघी एकाच घटनेपाशी थांबला आहात. तुम्ही लेकीच्या बाजूने, ती आईच्या.

एक साधा हिशोब करून बघा. वडील गेले त्याला २८ वर्षं झाली. आई आज ७५ ची आहे. म्हणजे तेव्हा ती ४७ ची होती, बरोबर आज तुम्ही आहात तेवढी. नवरा नुकताच गेलेला, तीन मुलं, आणि थोरल्या मुलीचं शिक्षण थांबवायचं की घर बुडू द्यायचं, एवढीच निवड हातात. आजचं तुमचं वय, तुमची धास्ती, तुमची झोपमोड घेऊन त्या जागी उभ्या राहून बघा. तुमचा राग जाईलच असं मी म्हणत नाही. रागावण्याचा तुम्हाला हक्क आहे. पण आजवर तो तुम्ही एका सर्वशक्तिमान आईवर धरला होता. तशी आई तेव्हा घरात नव्हतीच.

"जाऊ दे गं आई, झालं ते झालं" हे बोलणं बंद करा. त्याने तिचा विषय संपत नाही, फक्त ऐकणारं माणूस निघून जातं, म्हणून दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. त्याऐवजी तिने आजवर न सांगितलेलं विचारा. त्या दिवसांत तू कुणाकडे सल्ला मागितला होतास? तुला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटत होती? मी कामाला जायला लागल्यावर पहिल्या दिवशी तू घरी काय केलंस? ऐकताना उत्तराची घाई करू नका आणि तिला दोषमुक्त करायचीही घाई करू नका. "मला तेव्हा शिकायचं होतं आणि ते सुटल्याचं मला अजून वाईट वाटतं" हे तुम्ही तिला शांतपणे सांगू शकता. बहुधा याच वाक्यासाठी ती रोज दार ठोठावतेय. तुम्ही रागावता किंवा विषय बदलता, त्यामुळे तिला क्षमा मागायलाही जागा मिळत नाही. हे सगळं एका बैठकीत होणार नाही, आणि ज्या दिवशी तुम्ही दमलेल्या असाल त्या दिवशी "आज नको, रविवारी बोलू" म्हणायला हरकत नाही. फक्त रविवारी आठवणीने बसा.

आई कुणात मिसळत नाही, अशीही तुमची तक्रार आहे. लॉरा कार्स्टन्सन यांचं संशोधन सांगतं की पुढचा काळ थोडा उरलाय असं वाटू लागलं की माणसं ओळखीपाळखी कमी करतात आणि जिवाभावाच्या थोड्या माणसांवर वेळ खर्च करतात. यात बहुतेकदा काळजीचं काही नसतं. जुन्या दोन मैत्रिणींशी फोन जोडून दिलात तर तेवढं पुरेल. लक्ष ठेवायचं ते वेगळ्या गोष्टीवर. जुनी गोष्ट पुन्हा सांगणं निराळं आणि पाच मिनिटांपूर्वी विचारलेलं पुन्हा विचारणं, ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, पैशांचा साधा व्यवहार न जमणं निराळं. हे दुसरं दिसू लागलं तर डॉक्टरांना दाखवा.

शेवटी, तुम्ही न विचारलेलं एक विचारते. तुमची भावंडं कुठे आहेत? पत्रात ती फक्त शिकून बाहेर पडण्यापुरती येतात. पतीही एकाच शब्दात येतात. तुमच्या आयुष्यात अडकून पडलेलं काही असेल तर ते एरिक्सन यांच्या पाचव्या ओळीत नाही. वडील गेल्यावर घरात कामांची एक वाटणी झाली, ती गरजेची होती आणि तेव्हा योग्यही होती. पण गरज संपून कित्येक वर्षं झाली तरी ती वाटणी कुणी बदलली नाही. तुम्ही अजूनही १९ वर्षांच्या थोरल्या ताई आहात, आणि चाळिशीच्या आसपास पोचलेली भावंडं अजून धाकटीच आहेत. माणूस एकटा वाढत नाही, नाती त्याच्याबरोबर वाढावी लागतात, आणि इथे ती वाढली नाहीत. त्यांनी स्वतःहून पुढे यावं असं तुम्हाला वाटत असेल. ते साहजिक आहे, पण ज्यांना लहानपणापासून सगळं होत गेलेलं दिसलं त्यांना न सांगता दिसेलच असं नाही.

तेव्हा दोघांना एकत्र घेऊन बोला, वेगवेगळं नको. मागचं काही काढू नका, उपकारांची यादी तर नाहीच. आईची काळजी पुढच्या वर्षात तिघांनी कशी वाटून घ्यायची, एवढाच विषय ठेवा. कुणी तिला काही महिने आपल्याकडे नेऊ शकेल, कुणी डॉक्टरांच्या फेऱ्या पाहील, कुणी खर्च उचलेल. पतीला आधी सांगून ठेवा आणि बोलताना ते शेजारी असू देत. आईलाही विचारा, तिच्यावाचून तिचं ठरवू नका. भावंडांकडून होकार लगेच मिळाला नाही तरी चालेल, पण पुन्हा कधी बोलायचं त्याची तारीख घेतल्याशिवाय उठू नका.